पेवात उतरण्याआधी

*सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.*

माझे मिस्टर ५८ वर्षांचे. हळदीच्या पेढीवर तीस वर्षं दिवाणजी आहेत. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना दम लागायला लागला, पाय सुजले. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग २८ टक्के निघालं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नव्हता. कार्व्हेडिलॉल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि लघवीची अशा पाच गोळ्या सुरू झाल्या आणि गेल्या दिवाळीतल्या एकोत पंपिंग ४२ वर आलं. संक्रांतीनंतर बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या पुतण्याने त्यांना एक लेख वाचून दाखवला. पी३०० नावाचं प्रोटीन हृदयातली जनुकं चालू करतं आणि त्यामुळे हार्ट फेल होतं, पण हळदीतलं कर्क्युमिन ते प्रोटीन बंद करतं, असं त्यात होतं. मिस्टरांनी लगेच कर्क्युमिन आणि मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या. तीन आठवड्यांपूर्वी चार गोळ्या बंद केल्या, फक्त लघवीची चालू ठेवली. म्हणतात, "अंगात तरतरी आली. आयुष्यभर हळद विकली आणि औषध मात्र बाहेर शोधत बसलो." डॉक्टरांना सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला स्वतःची शपथ घातली आहे. लपवलं तर भीती वाटते, सांगितलं तर विश्वास जातो. आणि खरं सांगू, हळदीत खरंच काही असेल तर? शिवाय हे प्रोटीन आमच्या मुलीतही असेल का?

*

ताई,

हळदीचं आणि पी३००चं सविस्तर सांगते. पुतण्याला खोटं पाडायचा माझा विचार नाही, कारण त्याने वाचलं ते बरंचसं खरं आहे. पण आधी तातडीचं. बंद केलेल्या गोळ्या उद्या सकाळी आपल्या मनाने जुन्याच डोसने परत सुरू करू नका. कार्व्हेडिलॉल तर नाहीच. ही गोळी दोन आठवड्यांहून जास्त सुटली, तर पुन्हा लहान डोसपासून चढवत न्यावी लागते. एकदम जुना डोस गेला तर नाडी मंदावू शकते, बीपी घसरू शकतं. म्हणजे गोळ्या परत सुरू करायच्या तरी डॉक्टरांना कळवावं लागणारच. शपथेचं आपण पुढे बघू.

उद्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर त्यांचं वजन घ्या आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, झोपताना उशी वाढवावी लागली, रात्री दम कोंडून उठले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीची गोळी चालू आहे, त्यामुळे पायाची सूज दिसत नसेल. त्या दिसण्यावर जाऊ नका.

आता पी३००. तुमच्या मिस्टरांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल, कारण त्यांनी सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं पाहिली असतील. जमिनीखालची कोठारं, हळद भरून, तोंड लिंपून ठेवलेली. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकंही तशीच असतात. सगळी असतात, पण बरीचशी गुंडाळून बंद. कोणतं पेव उघडायचं याची चिठ्ठी ज्याच्या हातात असते, ते हृदयातलं एक प्रोटीन म्हणजे गॅटा-४. आणि झाकण उघडणारा हमाल म्हणजे पी३००. डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर पी३०० असेटिल नावाची छोटीशी रासायनिक खूण चिकटवतं. मग गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतं. तीच खूण ते गॅटा-४वरही लावतं, त्यामुळे गॅटा-४ डीएनएला अधिक घट्ट धरतं.

हृदयावर ताण पडला की शरीर अँजिओटेन्सिन आणि अॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं सोडतं. चार दिवस ते उपयोगी असतं, पण महिनोन्‌महिने चालू राहिलं तर हृदयाच्या पेशीत निरोपावर निरोप जात राहतात आणि गॅटा-४ व पी३०० मिळून अशी पेवं उघडतात जी आईच्या पोटात असताना उघडी होती आणि नंतर लिंपली गेली. गर्भातली जनुकं पुन्हा बोलायला लागतात. पेशी जाड होतात, आकुंचनाची प्रोटीनं बदलतात, कॅल्शियमची ने-आण मंदावते. हृदय आधी जोर लावतं आणि मग थकतं. तुमच्या फाइलमध्ये हृदयावरचा ताण दाखवणारा एनटी-प्रोबीएनपी नावाचा रक्ताचा रिपोर्ट असेल, तो काढून बघा. ज्या जनुकातून तो पदार्थ येतो, ते याच उघडलेल्या पेवांपैकी एक. म्हणजे ही सगळी भानगड तुमच्या घरात कागदावर आधीपासूनच होती, फक्त नाव वेगळं होतं.

मग पी३०० वाईट का? इथे मला पुतण्याला थांबवावंसं वाटतं. १९९८ मध्ये पी३००चं जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. ते जन्मालाच आले नाहीत, गर्भातच गेले, आणि त्यांचं हृदयही धड घडलेलं नव्हतं. गॅटा-४चंही तसंच. त्याच्या जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत मुलं हृदयाच्या पडद्याला भोक घेऊन जन्मतात, हे २००३ मध्ये दिसलं. ही प्रोटीनं तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, मुलीतही आहेत आणि असायलाच हवीत. अतिकाम करणाऱ्या हमालाला जरा बसवणं वेगळं आणि यार्डातल्या सगळ्या हमालांना घरी पाठवणं वेगळं. शिवाय पी३०० हृदयापुरतं नाही, ते शरीरभर काम करतं. "बंद करायचं" हा शब्दच इथे धोक्याचा आहे.

हळदीकडे येते. तुमच्या मिस्टरांचा अभिमान मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. कर्क्युमिन पी३००ला रोखतं हे २००४ मध्ये दाखवलं तेच मुळी बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या तपस कुंडू यांच्या गटाने. चार वर्षांनी जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी ते हृदयावर तपासलं. मीठ खाऊन बीपी वाढणाऱ्या जातीचे उंदीर आणि मुद्दाम हार्ट अटॅक घडवलेले उंदीर, दोघांनाही कर्क्युमिन दिलं, तर हृदय कमी जाड झालं आणि पंपिंग टिकलं. काम उत्तम होतं. हळदीने जखम बरी होते यावर अमेरिकेत दिलेलं पेटंट माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, तेव्हा आपण सगळेच सुखावलो होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढीवर पेढे वाटले गेले असणार.

पण तो प्रयोग कोणावर झाला? उंदरांवर. आणि कर्क्युमिन कशाच्या जागी दिलं होतं? कशाच्याच नाही, त्या उंदरांची कार्व्हेडिलॉल काढून घेऊन कोणी कर्क्युमिन दिलं नव्हतं. कर्क्युमिन घेतलं म्हणून हार्ट फेल्युअरची माणसं जास्त जगली, असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. या क्षेत्राने उंदरांपासून माणसापर्यंत येताना मोठमोठ्या उपचारांना आपटी खाताना पाहिलंय. कॅल्शियम पंपाचं जनुक थेट हृदयात सोडायचा उपचार घ्या. प्राण्यांत छान चालला, ३९ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत आशा दिसली, आणि २५० रुग्णांवर घेतला तेव्हा काहीच फायदा निघाला नाही. त्यात तर जगातले नामांकित हृदयतज्ज्ञ होते. तुमच्या पुतण्याच्या लेखापेक्षा त्यांचा विश्वास कमी नव्हता.

कर्क्युमिनची एक जुनी अडचणही आहे. परीक्षानळीत ते पी३००लाच नव्हे, दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, आणि पोटात गेल्यावर मात्र रक्तात फारच थोडं पोचतं. म्हणून तर कॅप्सूलमध्ये मिरी घालतात. मिरीतल्या पिपरिनमुळे माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन कितीतरी पटींनी वाढतं, हेही बंगळुरूतच १९९८ मध्ये दाखवलं गेलं. पण हे होतं कसं? आतडं आणि यकृत कर्क्युमिनचा जो निचरा करतात, तो पिपरिन अडवतं. आणि ते फक्त कर्क्युमिनचाच निचरा अडवेल असं थोडंच आहे? तोच रस्ता वापरणारी दुसरी औषधंही अंगात साठू शकतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी घेणाऱ्यांनी तर या कॅप्सूलपासून दूरच राहावं. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळद-कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत, आणि २०२२ मध्ये इटलीच्या सरकारने अशा पूरक गोळ्यांच्या वेष्टनावर सूचना छापायला लावली. आमटीतल्या हळदीबद्दल हे नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि आपण घालतो चिमूटभर. ती खुशाल खा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मिस्टरांनी जो स्विच बंद करायला कॅप्सूल घेतली, त्याच स्विचवर काम करणाऱ्या गोळ्या त्यांनी कपाटात ठेवल्या आहेत.

आठवा, पी३००ला निरोप कोण देतं? अँजिओटेन्सिन आणि अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं. कार्व्हेडिलॉल अॅड्रेनलिनचा निरोप अडवते. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन अँजिओटेन्सिनचा अडवते. स्पायरोनोलॅक्टोन त्याच साखळीतल्या पुढच्या कडीला धरते. आणि हे नुसतं तर्काने म्हणत नाही. अमेरिकेत तुमच्या मिस्टरांसारख्याच रुग्णांच्या, म्हणजे हृदय फुगलेलं पण रक्तवाहिन्या मोकळ्या अशांच्या, हृदयाच्या स्नायूचे अगदी बारीक तुकडे उपचाराआधी आणि काही महिन्यांनी काढून तपासले होते. औषध होतं कार्व्हेडिलॉल किंवा त्याच जातीचं मेटोप्रोलॉल. ज्यांचं पंपिंग सुधारलं त्यांच्या स्नायूत गर्भातल्या जनुकांचा आवाज कमी झाला होता आणि मोठ्या माणसाच्या हृदयाची जनुकं पुन्हा चालू झाली होती. २००२ सालचा अभ्यास आहे हा. म्हणजे पेवं परत लिंपली जातात, जिवंत माणसात, ते पाहिलं गेलंय. फक्त त्या गोळीच्या पाकिटावर "जनुकांवर काम करते" असं कोणी छापत नाही. छापलं असतं तर पुतण्याने तीच फॉरवर्ड केली असती!

तारखाही बघा. पंपिंग ४२ झालं दिवाळीत. कॅप्सूल आल्या संक्रांतीनंतर. मग ते १४ टक्के कोणी वाढवले?

राहिली तरतरी. ती खोटी नाही. कार्व्हेडिलॉल नाडी मंद ठेवते, अंग जड वाटतं. ती सुटली की काही दिवस मोकळं वाटतं, चाल वाढते. हृदयावरचा लगाम सुटल्याचा तो भास असतो आणि कॅप्सूलही त्याच दिवसांत सुरू झाल्यामुळे सगळं श्रेय तिला जातं. बरं वाटणं आणि बरं होणं यातलं अंतर लंडनमध्ये मोजलं गेलं आहे. हृदय फुगण्याचा हाच आजार झालेले, पण पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून वर आलेले, काहीही त्रास नसलेले ५१ रुग्ण घेतले. निम्म्यांची औषधं डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत त्यांतल्या ४४ टक्क्यांचा आजार उलटला. औषधं चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. ही गोष्ट पूर्ण सुधारलेल्यांची. तुमचे मिस्टर ४२ वर आहेत, आणि त्यांनी गोळ्या एका दिवसात सोडल्या, तेही कोणाच्या नजरेखाली नाही.

एक नाजूक गोष्ट विचारते. गोळ्या सोडण्याचं कारण हळदच होतं, याची तुम्हाला खात्री आहे? माझ्या अनुभवात पुरुष माणूस दोन वर्षं नियमाने घेतलेली गोळी एका लेखावरून सोडत नाही. लेख निमित्त होतो. खरं कारण बहुतेक वेळा असं असतं की जे बायकोलाही सांगवत नाही. कार्व्हेडिलॉलसारख्या बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्यांवर थकवा येतो, कधी पतिपत्नीच्या संबंधांत अडचण येते. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती दुखते, थोडी वाढते. मोठ्या चाचणीत दहातल्या एका पुरुषाला हे झालं होतं. पेढीवर गंजी घालून बसणाऱ्या माणसाला याची किती लाज वाटेल, विचार करा. आणि यावर उपाय आहे! स्पायरोनोलॅक्टोनच्या जागी एप्लेरेनोन देता येते, दुसऱ्या गोळीची वेळ किंवा डोस बदलता येतो. पण डॉक्टरला ठाऊक नसेल तर तो काय बदलणार?

कारण पैसा असेल, तर तेही उघड बोलण्यासारखं आहे. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्याही स्वस्त आवृत्त्या आता मिळतात. चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात एकदा किमती विचारून या. दोन वर्षांपूर्वीच्या दराने आजही बिल भरत असाल तर कोणी सांगितलंच नसेल. त्या कॅप्सूलची बाटली कितीला पडते, तेही शेजारी लिहा.

आता शपथ. मला वाटतं, शपथ घालणारा माणूस स्वतःही घाबरलेला असतो. सगळं ठीक आहे अशी खात्री असती, तर डॉक्टरला सांगायला त्यांनी हरकत का घेतली असती? त्यांच्या नकळत फोन करू नका, तुम्ही म्हणता तसा विश्वास त्याने खरंच जाईल. आज रात्री जेवणानंतर, पुतण्या नसताना, त्यांना सरळ सांगा, "मी तुमची हळद नाकारत नाही. पण पेव उघडलं की तुम्ही माणसाला लगेच खाली सोडता का? काही तास तोंड उघडं ठेवता, आत हवा आहे का बघता, मगच उतरू देता. तुम्ही तीन आठवडे न बघता आत आहात. उद्या मी डॉक्टरांना फोन करणार आहे. तुम्ही सोबत चला." मग चिडले तर चिडू द्या. दोन दिवस बोलणार नाहीत, हे परवडेल. आणि वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही दिसली तर शपथ त्या क्षणी संपली, सांगत बसायचंही नाही.

डॉक्टर रागावतील ही भीती बऱ्याच वाचकांची असते, हल्ली पत्रांत फार येतं. काही रागावतातही. तरी जाताना कॅप्सूलची बाटली लपवू नका, सोबत न्या. पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि एनटी-प्रोबीएनपी करायचं का, विचारा. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांत गल्लत होऊ देऊ नका. सॅक्युबिट्रिलमुळे नुसतं बीएनपी औषधानेच वाढलेलं दिसतं, त्यामुळे तुमच्या मिस्टरांसाठी एनटी-प्रोबीएनपीच बघतात. नवा एको कधी, तेही ठरवून घ्या.

स्वयंपाकघरातलं थोडं. सांगलीकरांना भडंग सोडा म्हणणं म्हणजे पाप, पण भडंग, लोणचं, पापड आणि शेंगदाण्याची विकतची चटणी यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. त्यावर उपाय म्हणून "लो सोडियम" मीठ मात्र आपल्या मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही नको.

मुलीचं. पी३००ची चिंता तिच्यासाठी करू नका. पण रक्तवाहिन्यांत अडथळा नसताना वडिलांचं हृदय फुगलंय, आणि असा आजार काही घरांत पिढीतून येतो. कारण सापडलं नसेल तर मुलीचा आणि मिस्टरांच्या सख्ख्या भावंडांचा एकदा ईसीजी आणि टूडी एको करून घ्यावा. पुतण्या सख्ख्या दिराचा मुलगा असेल तर सुरुवात दिरांपासून करा. वजनाची आणि बीपीची वही त्या पुतण्याकडेच द्या. विज्ञानाची आवड आहे त्याला, आकडे नीट लिहील.